एसटी मोफत झाली, पण फाट्यापर्यंत कोण सोडणार? अहिल्यानगरच्या गावांतलं म्हातारपण समजून घ्या

महाराष्ट्रात पंच्याहत्तरी पार केलेल्या कोणालाही एसटीचं तिकीट काढावं लागत नाही. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड मिळू शकतं. गरीब ज्येष्ठांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये येतात. काठी, चष्मा घ्यायला एकदा ३,००० रुपये मिळतात. यादी वाचली की वाटतं, म्हातारपणाची सोय झाली.

पण गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या ७८ वर्षांच्या आजीचा विचार करून पाहा. तिला एसटी मोफत आहे, पण एसटी फाट्यावर थांबते. तिच्याकडे कार्ड आहे, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं, रोजच्या गुडघेदुखीला नाही. पैसे येतात, पण ते काढायला बँकेत कोणीतरी घेऊन जावं लागतं. आणि दिवसभरात तिच्याशी कोण बोललं, हे विचारणारी कोणतीच योजना नाही.

आजारपण आणि पैसा यांच्या पलीकडचं म्हातारपण, म्हणजे हिंडतं-फिरतं, माणसांत असलेलं म्हातारपण, हा आता आरोग्याचाच प्रश्न मानला जातो. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात तो नेमका कुठे अडतो?

आकडे काय सांगतात?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान ५० वर्षांच्या आसपास होतं. आज ते ७० च्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक १० कोटींहून अधिक, म्हणजे ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होतं.

संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार, २०५० पर्यंत देशातला जवळपास दर पाचवा माणूस साठीपुढचा असेल.

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके आणि २०११ मध्ये ४५ लाख ४३ हजार लोकसंख्या. राज्याची सरासरी लावली, तरी तेव्हाच जिल्ह्यात साडेचार लाखांच्या आसपास ज्येष्ठ असावेत. आता ही संख्या त्याहून मोठी असणार.

इथे लोकवस्ती विरळ आहे. २०११ मध्ये राज्यात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं राहत होती, या जिल्ह्यात २६६. ही माणसंही गावठाणात एकवटलेली नाहीत. पाणी आलं, विहिरी झाल्या, गोठे वाढले, तशी कुटुंबं शेतात राहायला गेली. त्यामुळे वाड्या-वस्त्या इथे जागोजागी आहेत. शेतीसाठी ही सोय आहे. पाय चालत नाहीत त्या वयात मात्र हीच सोय अडचण होते.

एकत्र कुटुंब आहे, मग एकटेपणा कुठला?

हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो गैर नाही. भारतातल्या ज्येष्ठांचा सर्वांत मोठा सरकारी अभ्यास म्हणजे 'लासी'. २०१७-१८ मध्ये झालेल्या त्याच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. त्यात साठीपुढचे सुमारे ६ टक्के लोकच पूर्णपणे एकटे राहत असल्याचं दिसलं. म्हणजे बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी आहे.

पण त्याच अभ्यासात ८.३ टक्के ज्येष्ठांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. चारपैकी तिघांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार होता. घरात माणसं असणं आणि माणसांत असणं यात फरक आहे, हे इथे लक्षात येतं. मुलगा-सून पहाटेपासून गोठ्यात आणि रानात, नातवंडं शाळेत नाहीतर मोबाइलवर. आजोबांच्या वाट्याला येतात ती दोन वेळची ताटं आणि 'औषध घेतलं का?' हा एक प्रश्न. यात कोणाचा दुष्टपणा नाही. सगळ्यांचाच दिवस कामाने भरलेला आहे, आणि आजोबांच्या दिवसात काम उरलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये याच विषयावर अहवाल दिला. त्यानुसार जगात दर सहापैकी एका माणसाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंचा संबंध एकटेपणाशी जोडता येतो. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, स्मृतिभ्रंश या सगळ्यांचा धोका त्याने वाढतो. 'म्हाताऱ्या माणसाला काय, कुरकुर करायची सवयच असते' म्हणून हे सोडून देता येत नाही.

जिल्हा एक, म्हातारपणं अनेक

अहिल्यानगरमध्ये म्हातारपणाचा एकच साचा नाही.

*ऊसतोडीचा पट्टा.* पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. मागे गावात उरतात म्हातारे आई-बाप, आणि बऱ्याचदा त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं. या स्थलांतराची चर्चा होते ती मजुरीची, कष्टकरी बायांच्या आरोग्याची आणि मुलांच्या शाळेची. ती व्हायलाच हवी. पण पाच-सहा महिने सत्तरीतली आजी पाणी भरते, चूल पेटवते, नातवंडांना शाळेत धाडते आणि रात्री ताप आला तर कोणाला हाक मारते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इथे 'सक्रिय म्हातारपण' मुद्दाम घडवावं लागत नाही, ते लादलेलंच आहे. कमी पडते ती सोबत आणि विश्रांती.

*बागायती पट्टा.* राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, संगमनेर या भागात पैसा तुलनेने जास्त. मुलं शिकून पुण्याला, काही परदेशात. घर मोठं, माणसं दोन. इथे खर्चाची अडचण नसते. पडलं-झडलं तर धावून येणारं कोण, ही अडचण असते.

*डोंगरी पट्टा.* अकोले तालुक्यातल्या आदिवासी गावांत म्हातारी माणसं शेवटपर्यंत शेतात, जनावरांमागे असतात. शरीराला व्यायाम भरपूर मिळतो, पण दवाखाना, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन लांब असतं. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, साठी ओलांडलेल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. वय वाढलं की माणसाकडचं ज्ञान निवृत्त होत नाही, याचं उदाहरण जिल्ह्याच्या घरातच आहे.

यात आणखी एक भर पडली आहे. संगमनेर, अकोले, राहुरी अशा भागांत बिबट्याच्या भीतीने संध्याकाळी वस्तीवरून बाहेर पडणं अवघड झालं आहे. शेजारच्या वस्तीवर जाऊन चार गप्पा मारायच्या, तर ती वेळही हातची गेली.

आजोबा पारावर, आजी कुठे?

गावात म्हाताऱ्या पुरुषांना बसायला जागा असते. मारुतीच्या देवळाचा पार, चावडी, चहाची टपरी. बायकांसाठी अशी हक्काची जागा नाही. त्यांचं माणसांत मिसळणं बहुतेक निमित्ताने होतं: लग्नकार्य, हळदीकुंकू, बारसं, सप्ताह.

यातल्या अनेक निमित्तांतून विधवेला बाजूला ठेवलं जातं. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढच्या जवळपास निम्म्या स्त्रिया विधवा होत्या. पुरुषांमध्ये विधुरांचं प्रमाण त्याहून खूप कमी होतं. म्हणजे ज्या वयात सोबतीची सर्वांत जास्त गरज, त्याच वयात सोबतीची दारं बंद होतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. हा ठराव सामाजिक सुधारणेचा म्हणून गाजला. पण तो आरोग्याचाही ठराव आहे. हळदीकुंकवाला बोलावलेली आजी त्या दिवशी आवरते, चालत जाते, चार जणींशी बोलते. डॉक्टर ज्येष्ठांना जे करायला सांगतात, तेच हे.

योजना आहेत, मग अडतं कुठे?

पहिली अडचण वयाची. सरकारच्या लेखी म्हातारपण नेमकं कधी सुरू होतं, याचं एकच उत्तर नाही:

- ६० वर्षं: राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणासाठी आणि आई-वडिलांच्या निर्वाह कायद्यासाठी
- ६५ वर्षं: श्रावणबाळ योजना, मुख्यमंत्री वयोश्री योजना आणि एसटीचं अर्धं तिकीट
- ७० वर्षं: सर्वांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड
- ७५ वर्षं: एसटीचा पूर्ण मोफत प्रवास

दुसरी अडचण उत्पन्नाची. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावं लागतं. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. घरातल्या एकाने नियमित मजुरी केली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग एकतर खरा गरजू बाहेर राहतो, नाहीतर दाखल्यावरचा आकडा खरा नसतो.

तिसरी अडचण योजनांच्या स्वरूपाची. वयोश्री योजनेचे ३,००० रुपये काठी, चष्मा, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यांना पुरतात. चांगलं श्रवणयंत्र त्यात बसत नाही. ऐकू येत नसलं की माणूस गप्पांतून आपोआप बाजूला पडतो. 'काय म्हणाला?' असं तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, मग तो विचारणंच सोडतो. कान, डोळे आणि गुडघे हे एकटेपणाचे तीन दरवाजे आहेत. तिन्हींवर उपाय आहेत, पण ते एकाच ठिकाणी मिळत नाहीत.

चौथी अडचण पोहोचण्याची. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांसाठी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेट, अशी त्याची आखणी आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांतही ज्येष्ठांची काळजी आहे. पण प्रत्यक्ष दारापर्यंत जाणारी व्यक्ती एकच, आशाताई. साधारण हजार लोकांमागे एक. गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणं या सगळ्यांत म्हाताऱ्यांचा नंबर शेवटी लागतो.

उत्तर जामखेडमध्येच आहे का?

विशेष म्हणजे, 'गावातलं आरोग्य गावातल्याच माणसाच्या हाती द्या' ही कल्पना जगाला दाखवणाऱ्या ठिकाणांपैकी एक याच जिल्ह्यात आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी भाग, डॉक्टर नाहीत, रस्ते नाहीत. त्यांनी गावांनाच त्यांच्यातली एक बाई निवडायला सांगितलं. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, काही दलित वस्तीतल्या होत्या. त्यांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका केलं. सोबत शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली.

प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत. १९९० च्या दशकात हा आकडा ३० च्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तेव्हाचा प्रश्न होता मूल जगवण्याचा. ती मुलं जगली, वाढली, आणि आता पन्नाशी-साठीकडे निघाली आहेत. त्यांना जगवणाऱ्या आरोग्यसेविकांची पिढी म्हातारी झाली आहे. आयुष्य लांबलं, हे यशच. पण लांबलेल्या आयुष्याचं काय करायचं, हा प्रश्न त्याच यशातून आला आहे.

जामखेडच्या अनुभवातून तीन गोष्टी ज्येष्ठांसाठी जशाच्या तशा घेता येतात. एक, दारात येणारी व्यक्ती गावातली आणि विश्वासाची असावी. दोन, आरोग्य म्हणजे फक्त गोळ्या नाहीत. पाणी, जेवण, जातीची अंतरं आणि बायकांचं स्थान हेही त्यात येतं. तीन, काम मोहिमेसारखं वर्षातून एकदा नाही, तर दर आठवड्याला व्हावं लागतं.

इतरांनी काय करून पाहिलं?

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. गावातले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. साठ ते नव्वद वर्षांच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. सही करता येणं ही त्यातली एक मिळकत. रोज घराबाहेर पडायला ठरलेलं कारण मिळणं, ही दुसरी.

जपानमध्ये हेच थोड्या व्यवस्थेने झालं. आयची प्रांतातल्या ताकेतोयो या गावात २००७ पासून ज्येष्ठांसाठी चालत जाता येईल अशा अंतरावर भेटीची ठिकाणं सुरू झाली. ती चालवणारे स्वयंसेवकही बहुतेक ज्येष्ठच. खेळ, गाणी, हलका व्यायाम, गप्पा. संशोधकांनी काही वर्षं मागोवा घेतला, तेव्हा तिथे जाणाऱ्यांमध्ये परावलंबी होण्याचं प्रमाण न जाणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. मुळात धडधाकट माणसंच अशा ठिकाणी जास्त जातात, ही शंका रास्त आहे. अभ्यासात तो फरक शक्य तितका वगळूनही फायदा दिसला.

महाराष्ट्रातल्या शहरांत 'विरंगुळा केंद्रं' आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. गावांत त्याचं जुनं रूप म्हणजे भजनी मंडळ आणि हरिनाम सप्ताह. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाते ती याच जिल्ह्यातून. टाळ हातात घेऊन उभं राहणं, पाठांतर, ताल, सोबत: शरीर, स्मरण आणि माणसं तिन्ही एकाच वेळी कामाला लागतात. म्हणजे बांधणी आधीपासून आहे. ती वर्षातल्या सात दिवसांपुरती न राहता आठवड्यातल्या दोन दिवसांची करायची, एवढंच.

गावाला काय करता येईल?

ज्या जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार यांनी ग्रामसभेच्या बळावर पाण्याचा प्रश्न हाताळला, तिथे ही कामं अशक्य नाहीत:

१. यादी करा. साठीपुढची माणसं कोण, त्यातली एकटी कोण, वस्तीवर कोण, हंगामात मुलं बाहेर असणारी कोण. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गट मिळून हे काही दिवसांत करू शकतात.

२. जागा आणि वार ठरवा. समाजमंदिर, शाळेची रिकामी खोली, देवळाचा मंडप. आठवड्यातून दोनदा, दुपारी, उजेड असताना. बायकांसाठी वेगळी किंवा एकत्र, ते त्यांनाच विचारून.

३. फाटा ते वस्ती जोडा. बाजाराच्या दिवशी आणि दवाखान्याच्या दिवशी एक रिक्षा वस्त्यांवरून फिरवली, तर मोफत एसटी खऱ्या अर्थाने मोफत होते.

४. तोल सांभाळायचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवते. खुर्चीला धरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, एवढ्याने सुरुवात होते. एका पडण्याने मोडलेलं खुब्याचं हाड म्हाताऱ्या माणसाला कायमचं अंथरुणावर आणू शकतं.

५. काम द्या, नुसता सत्कार नको. बियाणं, जात्यावरच्या ओव्या, विहिरींचा आणि बांधांचा इतिहास, शाळेतली गोष्टींची तासिका. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल-नारळ दिल्यापेक्षा वर्षभराची जबाबदारी जास्त उपयोगी.

आणि घरच्यांनीच बाहेर काढलं तर?

सगळं गप्पांनी सुटत नाही. जमीन नावावर करून घेऊन आई-बापांना वाऱ्यावर सोडल्याच्या तक्रारी असतात. २००७ च्या कायद्यानुसार अशा ज्येष्ठांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत मिळवता येते. अशा प्रकरणात न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून बक्षीसपत्र करताना सांभाळाची अट लेखी असणं महत्त्वाचं.

लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती पालकांना देण्याचा निर्णय घेतला आणि २०२१ मध्ये तो अमलातही आणला होता.

माहिती, तक्रार किंवा नुसतं बोलायचं असेल, तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ सुरू असते. मन फार खचलं असेल, तर टेलिमानस १४४१६ हा क्रमांक आहे.

कायदा भत्ता मिळवून देतो, ताबा मिळवून देतो. दुपारी तीन वाजता दारात येऊन 'चला आजी, आज वार आहे' असं म्हणणारं माणूस मात्र गावालाच द्यावं लागेल. पुढच्या ग्रामसभेत रस्ता, गटार, दिवे यांच्या यादीत हा एक विषय मांडायला कोणत्याही निधीची वाट पाहावी लागत नाही. हात वर करणारं एक माणूस पुरतं.